दाऱ्या घाटातला र

ढाकोबाच्या अंगाने सह्याद्री उतरून मुरबाडकडे जाणाऱ्या जुन्या वाटेला दाऱ्या घाट म्हणतात. जुन्नर तालुक्यातल्या कुठल्याही शाळेतले पोर हे नाव न अडखळता लिहील. द ला काना, मग यच्या डाव्या अंगाला चिकटलेली र ची छोटी आडवी रेघ, आणि या. ही रेघ मराठीच्या रोजच्या लेखनातली आहे. हिंदीचे तिच्यावाचून अडत नाही. तिच्या जागी रफार दिला की शब्दच बदलतो. दऱ्या आपल्या डोंगरात असतात, दर्या घाट उतरून पार पलीकडे गेल्यावर लागतो.

साल २००० च्या मागेपुढे नारायणगावच्या एका डीटीपी सेंटरात आमच्या शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर टाइप झाला. त्यात या घाटावर एका निवृत्त गुरुजींचा लेख होता. स्मरणिका छापली, वाटली, संपली. काही वर्षांनी तिची फाइल मी दुसऱ्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे, डोक्यावर टोप्या घातलेले ए आणि ओ, मधेच पौंडाची खूण, मधेच कंस. मराठीचे एक अक्षर दिसेना. मजकूर कुठे गेला नव्हता. ज्या फॉन्टमध्ये तो टाइप केला, तो फॉन्ट या संगणकावर नव्हता, एवढेच. पण त्या ‘एवढेच’मुळे गुरुजींचा लेख आम्हाला वाचता येत नव्हता, आणि तोवर गुरुजीही राहिले नव्हते.

महाराष्ट्रातल्या हजारो छापखान्यांत, कचेऱ्यांत, शाळांत अशा फाइली पडून आहेत. त्या का मुक्या झाल्या आणि पुढे मराठी अक्षरांसाठी एकच सामायिक संकेत कसा ठरला, ही गोष्ट बरीचशी पुण्यात घडली. तिचे मूळ मात्र आमच्या डोंगरात आहे.

जुन्नरहून घाटघरच्या वाटेने नाणेघाटात गेले की घाटाच्या तोंडाशी एक लेणे लागते. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे. तो साधारण इ.स.पूर्व पहिल्या शतकातला मानतात. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे जेम्स प्रिन्सेप, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर अशा अभ्यासकांनी तो वाचत आणला. यज्ञ झाले, दक्षिणा दिल्या, गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी दान केली, असा तो हिशेब आहे. हिशेब असल्यामुळे त्यात आकडे आहेत, आणि भारतातल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. त्यात शून्य नाही, स्थानमूल्य नाही. हजाराला एक खूण आहे. त्या खुणेला चारची खूण जोडली की चार हजार होतात. नाशिकच्या लेण्यांतही हीच रीत दिसते. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, त्यात ४६ हे वर्ष याच पद्धतीने लिहिले आहे. कोरणारे हात वेगळे, राजे वेगळे, मधे शंभर-दोनशे वर्षांचे अंतर, तरी खूण तीच.

या लेखांची लिपी ब्राह्मी. तिच्यापासून देवनागरी निघाली, तशाच बंगाली, गुजराती, गुरुमुखी, ओडिया, तेलुगू, कन्नड, तमिळ आणि मल्याळमही निघाल्या. वळणे इतकी पालटली की जुन्नरच्या माणसाला आज तमिळ पाटी वाचता येत नाही. पण अक्षरांची रचना टिकली: आधी स्वर, मग कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, व्यंजनाला स्वर जोडायचा तो मात्रेने. दोन हजार वर्षांनी पुण्यात संगणकाचा संकेत ठरवताना ही एकच गोष्ट सगळ्यांत जास्त उपयोगी पडली.

मधल्या काळात यंत्रे आली, आणि ती रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडलेली होती. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ मध्ये देशातले पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. आमच्या पंचक्रोशीतल्या बाजरीच्या शेतांमधून परदेशाशी टेलिफोन आणि टेलेक्स जोडले गेले. टेलेक्सचा संकेत पाच खुणांचा. त्यातून बत्तीसच जुळण्या निघतात. रोमन अक्षरांची सव्वीस त्यात बसतात. ज्या गावच्या माळावरून जगभरचे संदेश जात होते, त्या आर्वीचे नाव आर्वीच्या लिपीत पाठवायला त्या संकेतात जागा नव्हती.

संगणकाचेही तसेच. त्याला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. १९६३ मध्ये अमेरिकेत आस्की नावाचा संकेत ठरला. त्यात १२८ जागा. मोठ्या ए ला ६५ हा आकडा, बी ला ६६. सगळ्या यंत्रांनी तो मानला म्हणून एका यंत्रावरचे इंग्रजी दुसऱ्यावर वाचता येते. देवनागरीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र नुसता अक्षरांना आकडे वाटून सुटणारा नव्हता. कारण आधी हे ठरवावे लागते की आकडा द्यायचा कशाला, अक्षराला की आकाराला?

छपाईने याचे उत्तर आपल्यापुरते दिले होते. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे सुरेख खिळे पाडले. पण मूळाक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा लागलेली रूपे धरून जुळाऱ्यापुढच्या केसमध्ये खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई. टाइपरायटरला एवढ्या कळा परवडत नाहीत. म्हणून तिथे अक्षरांचे तुकडे केले. शिवनेरीतला ‘शि’ उठवायचा तर आधी वेलांटी, मग अर्धा श, मग दंड, अशा तीन कळा. कागदावर शि नीट दिसतो. टाइपरायटरला तेवढेच हवे असते. आपण काय लिहिले हे त्याने लक्षात ठेवायचे नसते. संगणकाने मात्र लक्षात ठेवायचे असते, शोधायचे असते, अकारविल्हे लावायचे असते.

हा भेद ज्यांना लवकर उमगला, ते लोक कानपूरच्या आयआयटीत होते. तिथे आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय लिप्यांसाठी संगणकाचे काम चालले होते आणि मोहन तांबे हे त्या कामातले एक प्रमुख नाव. त्यातून पुढे जिस्ट तंत्र आकाराला आले. १९८८ मध्ये पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक उभी राहिली. परम महासंगणकामुळे तिचे नाव घरोघरी पोचले. पण त्याच संस्थेत तांबे आणि त्यांचे सहकारी जिस्टचे काम करत होते, आणि मराठी लिहिणाऱ्या माणसाच्या रोजच्या आयुष्याला ते काम परमपेक्षा जास्त जवळचे ठरले असे मला वाटते. संगणकात बसवायचे एक जिस्ट कार्ड निघाले. ते बसवले की डॉसवरच्या साध्या प्रोग्रॅममध्येही मराठी उमटू लागे.

कार्डाच्या मागे संकेत होता: इस्की. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने त्याची आवृत्ती १९८८ मध्ये काढली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने तो राष्ट्रीय मानक केला. त्याची मांडणी आजही पाहण्यासारखी आहे. २५६ जागांपैकी पहिल्या १२८ इंग्रजीला तशाच ठेवल्या. उरलेल्यांत भारतीय अक्षरे बसवली, आणि ती एकट्या देवनागरीची नव्हेत, दहा लिप्यांची मिळून एकच यादी. क म्हणजे एक आकडा. तो देवनागरीत दाखवायचा की बंगालीत की तेलुगूत, हे वेगळी खूण सांगणार. नाणेघाटाच्या भिंतीवरचे नाते इथे कामाला आले. वर्णमाला सामायिक नसती तर ही यादी करताच आली नसती.

दुसरा निर्णय त्याहून महत्त्वाचा. आकडा अक्षराला द्यायचा, आकाराला नाही. आणि अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवायची. ‘शि’ म्हणजे आधी श, मग ऱ्हस्व वेलांटी. वेलांटी डावीकडे काढायची हे संगणकाने दाखवताना बघून घ्यावे. ‘र्य’ म्हणजे र, हलन्त, य. रफार डोक्यावर चढवायचे काम यंत्राचे. अर्ध्या अक्षरांना वेगळे आकडे नाहीत. शेकडो खिळ्यांची केस अशी मूठभर आकड्यांत मावली. याच विचारातून इन्स्क्रिप्ट कळफलक आला. तो १९८६ पासून प्रमाण आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. मराठी टाइप करायला शिकलेला माणूस त्याच बोटांनी कन्नड टाइप करू शकतो.

एवढे सगळे ठरले होते, तर दहा वर्षांनी नारायणगावात आमची स्मरणिका मुकी का झाली? कारण बाजाराची वाट वेगळी होती. पाने जुळवण्यासाठी सगळीकडे पेजमेकर चाले, आणि त्याला इस्कीतले ‘श, मग वेलांटी’ कळत नसे. त्याला फक्त आकार कळत. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी टाइपरायटरच्याच वाटेने जाऊन २५६ घरांत अर्धी अक्षरे, दंड, मात्रा, रफार भरले. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येकाने आपापले ठरवले. सी-डॅकलासुद्धा फॉन्टसाठी आकारांची वेगळी सूची करावी लागली. कुणाचा हेतू वाईट नव्हता. उद्या लग्नपत्रिका द्यायची आहे, यात्रेचे पत्रक छापायचे आहे, दिवाळी अंक वेळेत काढायचा आहे, आणि कागदावर अक्षर सुंदर उमटते आहे. मग आत काय साठते, ते कोण बघणार? मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर आली तेव्हा एकेका वृत्तपत्रासाठी वेगळा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. एका वृत्तपत्रातली ओळ उचलून दुसरीकडे डकवली की तिचा चिखल होई. मराठीत शोध घेणे ही गोष्टच अस्तित्वात नव्हती.

सुटका बाहेरून आली, पण पुण्यातले काम पाठीशी घेऊन. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत जागा, असा तो उपक्रम. भारतीय लिप्यांसाठी त्यांनी १९८८ चे इस्कीच समोर ठेवले. फरक इतकाच की प्रत्येक लिपीला १२८ घरांचा स्वतंत्र वाडा दिला. पण प्रत्येक वाड्यात क त्याच कोपऱ्यात आहे, म त्याच कोपऱ्यात. उच्चाराचा क्रमही इस्कीचाच.

कागदावरचे मानक माणसाच्या टेबलावर यायला आणखी नऊ वर्षे लागली. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आले, आणि त्यासोबत मंगल हा फॉन्ट. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. जोशी कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवलेले शिक्षक. बोरूने अक्षर काढणाऱ्या माणसाने संगणकाला शिकवले की र आणि य शेजारी आले तर काय करायचे.

आणि इथेच आमच्या दाऱ्या घाटाचा प्रश्न उभा राहतो. र, हलन्त, य असे दिले की यंत्र रफार काढणार: र्य. मग दाऱ्यातला आडवा र कसा सांगायचा? उच्चाराच्या क्रमाने साठवण्याच्या नियमात या भेदाला जागा नव्हती, कारण हिंदीला त्याची गरज नाही. इस्कीत त्याची सोय सापडली ती अनपेक्षित ठिकाणी. यादी दहा लिप्यांची असल्याने तमिळ-मल्याळममधल्या कडक र साठी एक वेगळे अक्षर ठेवलेले होते, देवनागरीत खाली टिंब दिलेला ऱ. ठरले असे की या ऱ ला हलन्त लावला तर तो आडव्या रेघेने दाखवायचा. मराठीच्या पायऱ्या, दऱ्या, वाऱ्या आणि शेतकऱ्यांना दक्षिणेकडच्या भावंडाचे अक्षर उसने मिळाले, आणि ते आजही आपण वापरतो. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र वेगळी वाट होती: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारी जोडखूण. जुन्या मजकुरासाठी तीही चालू ठेवली. त्यामुळे आज ‘दाऱ्या’ दोन प्रकारांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधात एकाला दुसरा सापडत नाही.

ॲ चेही असेच झाले. हिंदीने या स्वरासाठी ए वर चंद्र दिला, मराठीने अ वर. युनिकोडमध्ये मराठी ॲ ला स्वतःचे घर २००८ मध्ये मिळाले. तोवर ॲडव्होकेटपासून ॲल्युमिनियमपर्यंत सगळे शब्द ज्याला जमतील तसे लिहिले जात होते. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, राज्य शासनाने मराठीसाठी प्रमाण लिपी आणि वर्णमाला ठरवणारा निर्णय काढला. ल पाकळीचा आणि श देठाचा हवा, असेही त्यात सांगितले. तो प्रश्न आकाराचा, म्हणून फॉन्टने सोडवायचा. तरी तो सांगणे आवश्यकच होते, कारण बऱ्याच फॉन्टांत ही दोन अक्षरे हिंदी वळणाची होती.

सामायिक संकेताचा पहिला मोठा लाभ सामान्य लिहिणाऱ्यांनी घेतला. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरने मार्च १९९५ मध्ये विकी सुरू केले, म्हणजे कुणालाही बदलता येईल असे पान. २००१ मध्ये विकिपीडिया आला आणि १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया. प्रत्येकाचा फॉन्ट निराळा असता तर हे घडणेच शक्य नव्हते. एका पानावर पुण्यातल्या माणसाने पहिले वाक्य लिहायचे आणि दुसरे अमेरिकेतल्या मराठी मुलीने, तर दोघांचा श एकच आकडा असावा लागतो.

गंमत वाटेल, पण विकींच्या जगातही तोवर जुन्नरच्या डीटीपी सेंटरांसारखीच गत झाली होती. शब्द ठळक करायचा, तिरपा करायचा, दुवा द्यायचा, यासाठी प्रत्येक विकीच्या खुणा वेगळ्या. एकीकडे लिहायला शिकलेला माणूस दुसरीकडे अडाणी. ऑगस्ट २००६ मध्ये डेन्मार्कच्या ओडेन्से शहरात विकीवाल्यांची परिषद भरली. तिथल्या कार्यशाळेत सामायिक खुणांची कल्पना निघाली. तिचे नाव क्रिओल ठेवले, निरनिराळ्या बोलीच्या लोकांच्या सहवासातून तयार होणाऱ्या भाषेवरून. क्रिस्टोफ सॉअर, चक स्मिथ आणि टोमास बेन्झ यांनी तिच्यावर बराच काळ काम केले. त्यांची पद्धत मला मनापासून आवडते. नवी हुशार खूण शोधायची नाही. चालू विकींमध्ये बहुतेकांनी काय धरले आहे ते पाहायचे आणि तेच ठरवायचे. ठळकसाठी दोन तारका, तिरप्यासाठी दोन तिरक्या रेघा, शीर्षकाला बरोबरची खूण, दुव्याला दुहेरी चौकटी कंस. जुलै २००७ मध्ये पहिली पक्की आवृत्ती काढली आणि पुढे दोन वर्षे तिला हात लावायचा नाही असे ठरवले, म्हणजे लोकांचा भरवसा बसेल.

काही विकींनी ती घेतली. विकिपीडियाने आपल्या खुणा बदलल्या नाहीत. तिथे आधीच लाखो पाने जुन्या खुणांनी लिहिलेली होती. इस्कीला युनिकोडने उचलले आणि युनिकोडला संगणक बनवणाऱ्यांनी, म्हणून ते रुजले. क्रिओलला तसा आधार मिळाला नाही.

आणि मराठीच्या बाजूने पाहिले तर या दोन्ही मानकांच्या सांध्यावर एक खरी अडचण होती, जी ओडेन्सेत बसून दिसणे कठीण. इन्स्क्रिप्ट कळफलकावर डाव्या चौकटी कंसाच्या जागी ड आहे. उजव्याच्या जागी नुक्ता. बरोबरच्या खुणेच्या जागी ऋकाराची मात्रा, तिरक्या रेघेवर य, अवतरणचिन्हावर ट, तारकेवर श्र. विकीची जवळजवळ प्रत्येक खूण मराठीच्या अक्षराखाली दबलेली. ‘शिवनेरी’ला दुवा द्यायचा तर कळफलक इंग्रजी करा, दोन कंस टाका, मराठी करा, शिवनेरी लिहा, पुन्हा इंग्रजी, पुन्हा कंस. मराठी विकिपीडियावर सुरुवातीपासून लिहिणाऱ्यांनी ही ये-जा हजारो वेळा केली आहे. पुढे पानातच रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सोय आली, खुणांशिवाय लिहिण्याची चौकट आली, आणि ती दगदग कमी झाली.

आज सातबारा नावावरून शोधता येतो, मोबाइलवर मंचरचा बाजारभाव मराठीत येतो, आणि हे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या कुणालाही फॉन्ट विचारावा लागत नाही. १९८८ आणि १९९१ मध्ये ठरलेली ती यादी या सगळ्याच्या तळाशी आहे. तिच्यातल्या उणिवाही तळाशीच राहिल्या. ळ ला ल च्या शेजारी बसवले आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून नुसत्या आकड्यांवरून लावलेली मराठी यादी कोशासारखी लागत नाही, तिला वेगळे नियम शिकवावे लागतात.

स्मरणिकेची फाइल आम्ही मागच्या वर्षी युनिकोडमध्ये आणली. जुन्या फॉन्टची आकारसूची मिळाली आणि त्यावरून रूपांतर करणारा प्रोग्रॅमही. वेलांट्या आपापल्या अक्षरांवरून उडी मारून जागेवर आल्या. गुरुजींचा लेख पहिल्यांदा पडद्यावर वाचता आला. पण आडवा र सगळीकडे रफार होऊन आला होता: लेण्याद्रीच्या पायर्या, शेतकर्यांचे लोंढे, डोंगरदर्या, दार्या घाट. एका दमात सगळे बदलावेत तर कार्य, सूर्य, मर्यादा यांचा रफार खराच आहे. म्हणून ओळीवर बोट ठेवून लेख वाचत गेलो, जिथे गुरुजींनी आडवा र लिहिला असणार तिथे थांबत गेलो. घाटाचे नाव शीर्षकातच होते, ते शेवटी घेतले. शिफ्ट दाबून र, मग हलन्त, मग य, मग काना. रेघ यला जाऊन चिकटली.